तिरका काप

नवऱ्याने घासातला काटा दोन बोटांनी ओढून काढला आणि ताटाच्या कडेला ठेवला. काटा म्हणजे पाठीच्या कण्यातला एक मणका, तांदळाच्या दाण्याहून जरासा मोठा, एका अंगाने कापला गेलेला. सकाळची वेळ होती. तो गोदीवर बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा, ती समुद्रकेंद्रात प्रयोगशाळेची मदतनीस होती. दोघांनाही लवकर निघावं लागे, म्हणून साडेआठलाच जेवण उरकायची या घरात पंचवीस वर्षांची सवय. त्याने गोदीवरून आणलेल्या पिशवीतले चार मासे जास्तीचे होते, ते तिने वाया जायला नकोत म्हणून तळले होते. तो काट्याकडे बघत हसला आणि म्हणाला, "एवढ्याशा मोठडोळ्याला सुरी लावणारी जगात तू एकटीच. बोटीवर याला कोण कापत बसतो? जाळ्यातून निघाला की अख्खाच्या अख्खा पाण्यात." तीही हसली. हसता हसता तिने त्याच्या ताटात भात वाढला, पाण्याचा पेला पुढे सरकवला, आणि मग आपलं हसू आपल्याच तोंडावर विसरून राहिलंय हे तिच्या लक्षात आलं. पाहुणे निघून गेल्यावर दिवाणखान्यातला दिवा जळत राहावा तसं. तो हात धुवायला उठला. तिने कडेचा मणका उचलला, खिडकीजवळ नेऊन उजेडात धरला, आणि का कोण जाणे, फेकून न देता रुमालाच्या टोकात बांधला.

रस्त्याने जाताना ते वाक्य तिच्याबरोबर चालत होतं. बोटीवर याला कोण कापत बसतो. वाक्यात काही नवं नव्हतं, बंदराच्या गावात ही गोष्ट शेंबड्या पोरालाही ठाऊक. मोठडोळ्या हा खोल तळाचा मासा, बोटभर लांब, अंगापेक्षा डोळेच मोठे, बाजारात त्याला कोणी विचारत नाही. मोठ्या माशांसाठी टाकलेल्या जाळ्यात तो फुकटचा अडकतो आणि बोटीवरून परत पाण्यात जातो, पण तोवर मेलेला असतो. मागे उडणारे कुरव, ते पांढरे समुद्रपक्षी, त्याच्यावर तुटून पडतात. कुरव काही इतक्या खोल बुडी मारू शकत नाहीत, पाण्याच्या वरच्या हातभर थरात काय मिळेल ते त्यांचं. म्हणजे मोठडोळ्या कुरवाच्या पोटात सापडला तर तो बोटीनेच दिलेला. हे सगळं तिला पाठ होतं, शाळेच्या मुली केंद्र बघायला आल्या की तीच त्यांना समजावून सांगायची. मग आज पायाखालचा नेहमीचा रस्ता असा परका का वाटावा? लोहाराच्या दुकानासमोरचं गटाराचं उखडलेलं झाकण तिने रोजच्यासारखं डावीकडून ओलांडलं, फुलवालीला मान डोलावली, केंद्राच्या पायऱ्या चढली. बारा पायऱ्या. प्रत्येक पायरीला मनातल्या मनात एकदा देवाचं नाव घ्यायचं, हा तिचा पहिल्या दिवसापासूनचा नेम. आज सातव्या पायरीवर ती नाव घ्यायला विसरली, तिथून खाली आली आणि पुन्हा पहिल्यापासून चढली. वरून शिपाई म्हणाला, "काय ताई, आज व्यायाम?"

तिचं काम म्हटलं तर ओंगळ होतं, म्हटलं तर फार नाजूक. बंदरापासून तासाभराच्या अंतरावर एक उघडा खडक होता. तिथे कुरव दरवर्षी घरटी करत. तीस घरट्यांपाशी क्रमांकाच्या लाकडी खुंट्या ठोकलेल्या होत्या. विणीच्या दिवसांत दर आठवड्याला ती केंद्राच्या होडीतून तिथे जायची आणि घरट्याभोवती पडलेल्या गोळ्या वेचायची. कुरवांना माशांची हाडं पचत नाहीत, तेव्हा ते हाडांची एक करडी गोळी करून तोंडावाटे टाकून देतात. पिल्लांनाही ती हळूच उचलायची. हातात घेतल्यावर घाबरून पिल्लू पोटातलं ओकून टाकतं, तेवढं ओकलेलं डबीत भरायचं. मग प्रयोगशाळेत टेबलावर गोळी पाण्यात भिजवायची, चिमट्याने उकलायची, आणि मणके, जबडे, माशांच्या डोक्यात असतात ते पांढरे खडे वेगळे करून ओळखायचे. कोणता मासा कुठला, वरच्या पाण्यातला की तळातला. पहिल्या वर्षी तिच्या ध्यानात आलं होतं की काही मणक्यांवर सुरीची सरळ चीर असते. पक्ष्याच्या चोचीने अशी चीर पडत नाही. बोटीवर मोठ्या माशांची डोकी, पोटं कापून फेकतात, तिथलीच ती असणार. तिने ते मॅडमना दाखवलं. मॅडम, म्हणजे केंद्राच्या प्रमुख, तेव्हा नव्या नव्या आल्या होत्या, वयाने तिच्याहून दहा वर्षांनी लहान. त्या खुर्चीतून उठूनच उभ्या राहिल्या होत्या. म्हणाल्या, ताई, हे तर सोनं आहे. त्या दिवसापासून वहीत एक रकाना वाढला : सुरीची खूण, आहे किंवा नाही. आहे म्हणजे बोटीचा. अकरा वर्षं ती तो रकाना भरत होती. तिच्या अक्षरातल्या बारीक बारीक फुल्या, पानामागून पानं.

तिने कपाटातून गेल्या आठवड्याची एक डबी काढली. चौदा क्रमांकाची खुंटी. झाकण उघडून वाळलेले मणके पांढऱ्या बशीत ओतले, रुमालाची गाठ सोडली आणि ताटातला मणका त्यांच्या शेजारी ठेवला. भिंगाखाली दोन्ही मोठे झाले. ताटातला आणि डबीतला, दोन्ही कापलेले मणके मोठडोळ्याचेच होते, आणि दोन्हींवरचा काप तिरका होता, शेपटीकडून वर पाठीकडे चढत गेलेला, डाव्या हाताने सुरी ओढली की पडतो तसा. ती डावखुरी होती. लहानपणी या हातावर पट्ट्या खाल्ल्या होत्या, लिहायला उजवा हात शिकला, पण सुरी, सुई आणि झाडू यांनी कधी ऐकलं नाही. तिने दुसरी डबी उघडली, मग तिसरी. जाड, आडवे, दणक्याने तोडलेले मोठे मणके होते, ते बोटीवरच्या कोयत्याचे. आणि त्यांच्यामध्ये, पंगतीत न बोलावता बसलेल्या माणसांसारखे, हे छोटे, तिरके. हे तर आपलेच काप, असं तिच्या मनात आलं. ते शांतपणे आलं, दुसऱ्या कोणाबद्दल असावं तसं. खिडकीबाहेर धक्क्यावर कोणीतरी दोर ओढत होतं आणि त्या लयीत काहीतरी गुणगुणत होतं. तिने सगळे मणके पुन्हा डबीत भरले. चिमटा पुसून जागेवर ठेवला. हात धुतले. हातांना वास होता. तो अकरा वर्षं होता.

सुरुवात कशी झाली हे तिला लख्ख आठवत होतं. पहिल्या वर्षीचा तिसरा आठवडा. पिल्लू हातात मावेल एवढं, करड्या कापसाचा गोळा, त्याने तिच्या तळहातावर तीन चंदेरी मासे ओकले, अजून नीट विरघळलेही नव्हते. तिने ते डबीत भरले, चिठ्ठी लावली, आणि पिल्लाने चोच उघडून तिच्याकडे बघितलं. बस, बघितलं. त्याच्या आईने कुठून कुठून उडत जाऊन आणलेला घास आपण अलगद काढून घेतला, आणि कशासाठी, तर चिठ्ठी लावायला. त्या रात्री तिला जेवण गेलं नाही. सकाळी खिडकीपाशी हात जोडून उभी राहिली तेव्हा नेम आपसूक ठरून गेला : कोणाच्या तोंडचा घास काढायचा नाही, आणि काढावाच लागला तर तेवढाच परत ठेवायचा. नवऱ्याला सांगितलं तेव्हा त्याने कपाळाला हात लावला, पण संध्याकाळी गोदीवरून येताना बोटींवर उरलेल्या, फेकायच्या ढिगातले मोठडोळे पिशवीभर घेऊन आला. मग दर आठवड्याला पिशवी येऊ लागली. तो तिला पाखरांचा हप्ता म्हणायचा, आणि बर्फाच्या कप्प्याला वास येतो म्हणून कुरकुरायचा. खडकावर जायच्या दिवशी ती पहाटे उठून मासे साफ करायची, डोकं काढायची आणि प्रत्येकाचे तिरके तीन तुकडे करायची. हे तिच्या आईचं. धाकट्या बहिणीला भरवताना आई म्हणायची, सरळ तुकडा घशात अडतो, तिरका उतरतो. खरं की खोटं कोणी पाहिलं होतं? पण चाळीस वर्षं तिने कोणासाठीही दुसरा काप केला नव्हता. होडीवाला होडीतच बसायचा, खडकावर ती एकटी. पिल्लाला ओकवलं की ती त्याच्या पुढ्यात एक तुकडा ठेवायची, ओकलं नाही तरी ठेवायची. कधी ते गिळायचं, कधी तिची पाठ वळताच आई येऊन उचलायची. आणि मग एक-दोन दिवसांनी ती हाडं गोळी होऊन घरट्यापाशी पडायची, आणि पुढच्या आठवड्यात तीच ती वाकून, देवापुढची फुलं वेचावीत तशी, वेचून आणायची. आपणच ठेवलेलं. बोटीच्या रकान्यात फुली.

चूक झाली, असं म्हणून तिला सुटता आलं असतं. नकळत झाली, हेही खरंच होतं. पण त्या दिवसभर, दुसऱ्या गोळ्या उकलत असताना, एक गोष्ट तिच्या मनातून हलेना. मॅडम विणीच्या हंगामात दोनदा स्वतः खडकावर यायच्या. त्या दिवशी पिशवी घरी राहायची. का राहायची? तिला कोणी नको म्हटलं नव्हतं. दर वेळी काहीतरी कारण असायचं, पिशवी विसरली, मासे नीट नव्हते, मॅडमना वास सोसत नाही. अकरा वर्षं, हंगामात दोनदा, बावीस वेळा ती विसरली. इतकं नेमाने कोणी विसरत नाही. आणि ते प्रश्नचिन्ह! सहा-सात वर्षांपूर्वी वादळाने बोटी दोन आठवडे धक्क्याला बांधलेल्या होत्या, आणि तरीही गोळ्यांत मोठडोळे निघाले होते. मॅडमनी वहीच्या समासात लाल पेन्सिलीने मोठं प्रश्नचिन्ह काढलं होतं. तिनेच सुचवलं होतं, दुसऱ्या बंदराच्या बोटी फिरत असतील. किती सहज बोलली होती ती. त्या दोन आठवड्यांत, जराशी उघडीप मिळाली की होडी खडकाला जाऊन यायची तेव्हा, बर्फात ठेवलेली जुनी पिशवी तिने वापरली होती, कारण वादळात पिल्लं जास्तच भुकेली असणार. दोन्ही गोष्टी तिच्याच डोक्यात होत्या, शेजारशेजारच्या खोल्यांत, आणि मधलं दार तिने कधी लोटून पाहिलं नव्हतं.

अहवाल तयार होता. आठ दिवसांनी मच्छी खात्याची बैठक होती, आणि बोटींनी नको असलेली मासळी आणि कापलेला माल पाण्यात टाकणं बंद करावं का, करायचं तर लगेच की पाच-सात वर्षांत हळूहळू, हे तिथे ठरणार होतं. अहवाल सांगत होता की खडकावरच्या कुरवांचं शंभरातलं त्रेचाळीस भाग अन्न बोटींचं आहे. एवढं एकदम काढून घेतलं तर पिल्लं मरतील, तेव्हा बेताबेताने घ्या. बोटवाले खूश होते. आयुष्यात पहिल्यांदाच पाखरं त्यांच्या बाजूने बोलत होती, असं नवरा म्हणायचा. आणि अहवालाच्या पहिल्या पानावर, मॅडमच्या नावाखाली, तिचं नाव छापलं होतं. मदतनिसाचं नाव कोणी घालत नाही. मॅडमनी स्वतः भांडून घातलं होतं. ती दोन महिन्यांनी निवृत्त होणार होती, आणि ते कागद मुलाला पाठवायचे, असं तिने ठरवून ठेवलं होतं. आता ते पान उघडलं की त्रेचाळीस या आकड्याच्या पोटात आपला हात दिसू लागला, मनगटापर्यंत आत गेलेला.

संध्याकाळी चहा घेताना तिने नवऱ्याला सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं, बशीतला चहा निवू दिला. मग त्याने जे म्हटलं ते ती दिवसभर स्वतःशी म्हणत होती, फक्त त्याच्या तोंडून ते जास्त शहाणपणाचं वाटलं. तो म्हणाला की मासे कुठून आले होते, बोटीवरूनच ना, तो स्वतः फेकायच्या ढिगातून उचलायचा, मग बोटीने फेकले काय आणि तू ठेवलेस काय, पाखराच्या पोटात बोटीचाच माल गेला. रकाना चुकला कुठे? तिला क्षणभर वाटलं, झालं, सुटले. जीव भांड्यात पडल्यासारखं वाटलं. पण भांडं बिनबुडाचं होतं. ती म्हणाली, "बोटीने त्यांना दिलं नव्हतं. मी दिलं होतं." त्याने तिच्याकडे बघितलं. पंचवीस वर्षांत तो एक गोष्ट शिकला होता, ही बाई हळू आवाजात बोलते तेव्हा वाद घालायचा नसतो. त्याने विचारलं की मॅडम काढून टाकतील का. तिला ठाऊक नव्हतं. मग त्याने निवलेला चहा एका घोटात संपवला आणि म्हणाला, "नाव गेलं तर गेलं. मला तरी पिशवीचं ओझं वाहायला नको." ही त्याची धीर द्यायची रीत.

पण नावाचं नव्हतंच. रात्रीची भांडी घासताना तिला कळलं की नावापेक्षा खोल काहीतरी दुखतंय. तिला तो आकडा आवडत होता. त्रेचाळीस ऐकलं तेव्हा ती मनातून सुखावली होती, बिचारी पाखरं, स्वतःहून यांना काय मिळणार, कोणीतरी द्यायला हवं. आणि आता खरा आकडा कमी निघणार, म्हणजे पाखरं तिला वाटत होतं त्याहून अधिक आपल्या आपण जगत होती. ही काय दुःखाची गोष्ट आहे? मग तिला मुलाचा फ्रीज आठवला. तो दुसऱ्या शहरात नोकरीला लागला, त्याला चार वर्षं झाली होती. ती दर महिन्याला बसच्या ड्रायव्हरबरोबर खाऊचे डबे पाठवायची, झाकणांवर तारखा लिहून. तो फोनवर म्हणायचा, आई, कशाला, इथे सगळं मिळतं, मी करतो की आता स्वतः. तो संकोचाने म्हणतो असं तिने ठरवलं होतं. गेल्या वर्षी ती त्याच्याकडे गेली, दूध काढायला दार उघडलं, आणि खालच्या कप्प्यात तिचे तीन डबे, एकावर एक, नीट ठेवलेले, न उघडलेले, तिच्याच अक्षरात तीन महिन्यांच्या तारखा. त्याने फेकले नव्हते. फेकवले नव्हते त्याला. वरच्या कप्प्यात त्याने स्वतः केलेली भाजी होती, तिने चोरून बोट लावून चाखली. मीठ थोडं जास्त होतं, बाकी चांगली होती. तिने दार लावलं आणि दूध तापत ठेवलं. परत आल्यावर पुढच्या महिन्यात तिने डबे केले, बांधले, आणि पाठवले.

दुसऱ्या दिवशी बारा पायऱ्या नीट चढून ती थेट मॅडमच्या खोलीत गेली. हातात चौदा क्रमांकाची डबी होती आणि रुमालातला मणका. बसा म्हटलं तरी बसली नाही. सांगायला पाच मिनिटंही लागली नाहीत, एवढी अकरा वर्षं पाच मिनिटांत मावली याचंच तिला नवल वाटलं. बावीस वेळा घरी राहिलेली पिशवीही तिने सांगितली, वादळातली बर्फाची पिशवीही. मॅडम भिंगावर वाकल्या आणि बराच वेळ वाकूनच राहिल्या. वर बघितलं तेव्हा चेहऱ्यावर राग नव्हता, पण ओळखीचं असं काही नव्हतं. टेबलावर अहवालाच्या छापील प्रती सुतळीने बांधून ठेवलेल्या होत्या. मॅडमचा हात त्यांच्यावर गेला आणि तिथेच थांबला.

"मला का नाही सांगितलंत?"

"तुम्ही नको म्हणाला असता."

"म्हणाले असते," मॅडम म्हणाल्या. मग त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. खाली धक्क्यावर एका बोटीचं जाळं धुणं चाललं होतं आणि पाच-पन्नास कुरव वर घिरट्या घालत होते. मॅडमनी विचारलं की प्रत्येक घरट्याला किती तुकडे. एक. नेहमी मोठडोळ्याच? नेहमी. नेहमी असाच काप? तिने डावा हात पुढे केला, जणू पुरावा म्हणून. आणि तेव्हा मॅडमनी विचारलं, डब्या सगळ्या आहेत का. आहेत, ती म्हणाली, एकही टाकली नाही. या केंद्रात तिने कधी काही टाकलं नव्हतं, कपाटं भरली म्हणून शिपाई तिला टोमणे मारायचा, हे तळघर का संग्रहालय. मॅडमनी प्रतींची सुतळी घट्ट केली आणि गठ्ठा खाली, पायाशी ठेवला. खात्याला पत्र गेलं की मोजणीत दोष सापडला आहे, बैठक महिनाभर पुढे ढकलावी. दोष कोणाचा हे त्यांनी पत्रात लिहिलं नाही. तिने ते पत्र टाईप होताना वाचलं आणि तीन शब्द सुचवले. दोष सापडला आहे, त्याच्या आधी, आमच्या हातून झालेला.

मग जे झालं ते तिच्यासाठी सगळ्यात अवघड होतं. मॅडमना जाणून घ्यायचं होतं की तिच्या एका तुकड्यात कापलेले मणके किती असतात, म्हणजे उलटा हिशोब मांडता येईल. नवऱ्याने पिशवी आणली, आणि प्रयोगशाळेच्या टेबलावर, पांढऱ्या बशीसमोर, तिने मॅडमच्या देखत तीस मोठडोळे कापले. स्वयंपाकघरात पहाटे, कोणी बघत नसताना जो हात वाऱ्यासारखा चालायचा, तो इथे पहिल्या माशावर अडखळला. मॅडम शेजारी वही घेऊन उभ्या होत्या. "नेहमी करता तसं, ताई," त्या हळूच म्हणाल्या. ताई हा शब्द त्यांनी चार दिवसांनी उच्चारला होता. तिने डोळे मिटले, आईचा हात आठवला, सुरी तिरकी धरली, आणि मग हात चालू लागला. मॅडम मोजत होत्या. मोजता मोजता त्यांनी विचारलं, असा तिरका का? तिने सांगितलं. मॅडमनी पेन्सिल थांबवली, काहीतरी आठवल्यासारखं स्वतःच्या गळ्याला बोटं लावली, पुन्हा लिहू लागल्या.

तीन आठवडे ती डब्या उघडत होती. रोज सकाळी पहिल्या डबीआधी हात जोडायचे, हा त्या तीन आठवड्यांपुरता नेम. जाड आडवे काप उजव्या बशीत, छोटे तिरके डावीत. जुन्या डब्यांत तिला तिचीच वर्षं सापडत गेली. हे मुलाच्या परीक्षेचं वर्ष, काप घाईघाईचे, खडबडीत. हे आई गेली ते वर्ष, त्या हंगामातल्या पहिल्या दोन आठवड्यांत तिरका एकही नाही, कारण ती खडकावर गेली होती पण पिशवी भरायचं सुचलं नव्हतं. त्या दोन आठवड्यांच्या वहीवर तिची नजर बराच वेळ खिळली. चौदा क्रमांकाचं पिल्लू, वजन वाढलेलं. नऊ, वाढलेलं. बावीस, वाढलेलं. तेव्हाही तिनेच तराजूवर धरून लिहिले होते हे आकडे. डोळ्यांतलं पाणी खळत नव्हतं आणि तिला दिसलं नव्हतं की पाखरं धडधाकट आहेत. शेवटच्या दिवशी मॅडमनी हिशोब मांडला. बोटींचं शंभरात चौतीस निघालं. समुद्राचं सत्तावन्न होतं ते तेवढंच राहिलं. मधले नऊ उरले. मॅडम म्हणाल्या, नियमाने हे नऊ पुसून टाकायचे, पण कुरवांनी खाल्लं ते खरंच आहे, ते कुठेतरी लिहायला हवं. तक्त्यात तिसरी ओळ आली. समुद्र, बोटी, आणि खाली, हाताने दिलेले. पहिल्या पानावरचं तिचं नाव मॅडमनी खोडलं नव्हतं. तिने ते दोनदा वाचलं, मग पान उलटून तिसरी ओळ वाचली. आपण तिथेही आहोत, हे फक्त त्या दोघींना ठाऊक असणार होतं, आणि गोदीवर एकाला.

हंगामातली शेवटची फेरी तिची शेवटचीच फेरी होती. होडीवाल्याने नेहमीप्रमाणे हात दिला, ती खडकावर उतरली. खांद्याला डब्यांची झोळी होती, दुसरा खांदा मोकळा, आणि त्या मोकळ्या खांद्यामुळे तिला चालताना सारखं कलल्यासारखं वाटत होतं. वारा पडलेला. पाणी तेलासारखं संथ. पक्षी ओरडत उठले, तिच्या डोक्यावर फिरू लागले, तिच्या टोपीवर नेहमीचा प्रसाद पडला. गोळ्या वेचल्या. चौदा क्रमांकापाशी गुडघे टेकून बसली. पिल्लू आता मोठं झालं होतं, पंखांत खरी पिसं भरलेली, पण उचलताच त्याने तिच्या तळहातावर ओकलं, कोमट, चंदेरी, वरच्या पाण्यातले पाच-सहा लहान मासे. तिने ते डबीत भरलं, चिठ्ठी लावली, पिल्लू खाली ठेवलं. त्याने चोच उघडून तिच्याकडे बघितलं. तिचा डावा हात आपोआप त्या खांद्याकडे गेला, जिथे पिशवी असायची, आणि हवेतून परत आला. तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले. बसून राहिली. नेम मोडला होता, आणि काहीच घडलं नाही. पिल्लू चोच उघडून होतं. उठावंसं वाटेना, इतक्या भुकेल्याला टाकून कसं उठायचं? मग तिला त्याची आई दिसली. दहा-बारा हातांवर, एका कपारीवर, ती केव्हाची येऊन उभी होती. तिचा गळा फुगलेला होता, भरलेला. ती मान वाकडी करून कधी पिल्लाकडे, कधी या गुडघे टेकलेल्या बाईकडे बघत होती, एक पाऊल पुढे टाकायची आणि थांबायची. घास घेऊन ती आली होती, आणि फक्त ही बाई कधी जाते याची वाट पाहत होती. किती वर्षं, कोण जाणे. बाई उठली, गुडघ्यांची माती झटकली नाही, आणि मागे न बघता भराभर होडीच्या दिशेने चालू लागली.